अजून दोन रॉड

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री साडेअकराला चक्कर मारली, की बहुतेक खोल्यांचे दिवे विझलेले दिसतात. खिडक्यांच्या काचांवर मात्र निळसर उजेड हलत असतो. औसा, रेणापूर, अहमदपूर, पार नांदेड-परभणीहून नीटच्या तयारीला आलेली ही सोळा-सतरा वर्षांची लेकरं. त्यातल्याच एका खोलीत माझा भाचा राहतो. सकाळी सहाच्या बॅचला डोळे लाल. विचारलं तर म्हणतो, "मामा, झोपच येत नाही लवकर. मग काय करू? मोबाईल बघतो."

घरचे याला बहाणा म्हणतात. मला तो निम्मा तरी खरा वाटतो.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे 20 हजार पेशींचं एक घड्याळ आहे. रात्र झाली की ते मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडायला लावतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. वयात येताना हे घड्याळ उशिरा चालू लागतं. अमेरिकेत मेरी कार्स्काडन यांनी अनेक वर्षं मुलांच्या झोपेचा अभ्यास करून हे दाखवलं. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांनी 2004 मध्ये मोठ्या लोकसंख्येच्या नोंदींवरून मांडलं, की हा उशीर साधारण विसाव्या वर्षापर्यंत वाढत जातो आणि मग उतरू लागतो. म्हणजे कोंबड्याआधी उठणारे आपले आजोबाही सतराव्या वर्षी रात्री जागेच असणार. फक्त कंदील मालवल्यावर माळवदावर पडून चांदण्या मोजण्यापलीकडे त्यांना काही उद्योग नव्हता. भाच्याला आहे.

दोष स्क्रीनच्या निळ्या उजेडाचा, असं आपण ऐकत आलो. त्यात तथ्य आहे. आपल्या डोळ्यात चित्र बघण्यासाठी नव्हे, तर उजेड किती आहे हे त्या घड्याळाला कळवण्यासाठी वेगळ्या पेशी असतात. डेव्हिड बर्सन यांनी 2002 मध्ये त्या दाखवून दिल्या. निळ्या उजेडाने त्या जास्त चेततात. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात 12 जणांनी झोपण्याआधी चार तास स्क्रीनवर पुस्तक वाचलं. कागदी पुस्तकाच्या तुलनेत त्यांचं मेलाटोनिन निम्म्याहून जास्त दबलं आणि झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली.

दहाच मिनिटं! इथे मी थबकलो. भाच्याचे तर दोन तास जातात.

त्याहून मजा पुढच्या वर्षी झाली. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाने 14 जणांना आधी साडेसहा तास भरपूर उजेडात बसवलं आणि मग संध्याकाळी दोन तास टॅबलेटवर वाचायला दिलं. या वेळी कागद आणि टॅबलेट यांत फरकच पडला नाही. दोन प्रयोगांत वाचनाचे तास वेगळे होते हे खरं, पण मोठा फरक दिवसाच्या उजेडाचा होता. ज्या डोळ्याने दिवसा पोटभर उजेड पाहिला, त्याला रात्रीचा पाच-सहा इंचांचा पडदा फारसा फसवू शकत नाही.

आता आपल्याकडचा विनोद बघा. मराठवाड्यात आणखी कशाची टंचाई असो, उन्हाची नाही. मोकळ्या रानात भर दुपारी एक लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम काहीशे. पण आमचं लेकरू अंधारात उठून बॅचला जातं, तिथून अभ्यासिकेत, तिथून खोलीवर. उन्हाच्या मुलखात राहून त्याला ऊन दिसतं ते मेसला जाता-येता.

मग ते दोन तास कुठे जातात? यासाठी मला बोअर आठवतो. गावात बोअरची गाडी आली, चारशे फुटांवर नुसती धूळ, तरी मालक म्हणतो, "अजून दोन रॉड टाका." कारण शेजाऱ्याला साडेचारशेला लागलं होतं. पाणी कधी लागेल हे ठरलेलं नसतं, म्हणूनच थांबवत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हेच पाहिलं: दाणा ठरलेल्या टोचीला न देता कधीही दिला, तर कबुतर टोचत राहतं आणि दाणा बंद झाल्यावरही लवकर हटत नाही. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत त्यामागची यंत्रणा दाखवली. डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात त्या बक्षीस अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्यावर. ठरलेल्या बक्षिसाला त्या गप्प राहतात. रील म्हणजे बिनखर्चाचा बोअर. पान संपतच नाही, अशी सोय एझा रॅस्किन यांनी 2006 मध्ये केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आणि "बस झालं" म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. पन्नाशीच्या बापाला बोअरवर जे जमत नाही, ते सोळाव्या वर्षी पांघरुणात जमावं ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते.

म्हणून मोबाईलच जाळा, असं मी म्हणणार नाही. ऑर्बेन आणि शिबिल्स्की या संशोधकांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी डिजिटल वापराशी जोडता आला तो फार तर 0.4 टक्के. शिवाय नोट्स, पेपरची पीडीएफ, शंका विचारायचा ग्रुप, सगळं त्याच फोनमध्ये. एका क्लासची सूचना तर रात्री अकराला येते; यात लेकराचा काय गुन्हा? दिवसभरात किती तास, यापेक्षा कोणत्या तासाला, हे मी आधी विचारीन. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. 1924 मध्ये जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. पाठांतरानंतर झोपले तेव्हा ते कमी विसरले, जागे राहिले तेव्हा जास्त. बाराला रील बघताना जाते ती नुसती झोप नाही, संध्याकाळचं पाठांतरही जातं.

भाच्याला हे सांगितलं. अलार्मसाठी फोन उशाशी लागतो म्हणाला, म्हणून गंजगोलाईतून चावीचं घड्याळ आणून दिलं. बॅच सुटली की वही घेऊन अर्धा तास गच्चीवर उन्हात. साडेदहाला फोन खाली घरमालकीण काकूंच्या टीव्हीशेजारी चार्जिंगला. पहिल्या आठवड्यात पठ्ठ्या बारापर्यंत पंख्याकडे बघत पडायचा. आतलं घड्याळ एका रात्रीत सरकत नाही, रोज थोडं थोडं सरकतं, आणि रविवारी अकरापर्यंत लोळलं की पुन्हा मागे जातं. खरी अडचण ताईची होती. शेतातली कामं, स्वयंपाक, भांडी उरकून तिला फोनवर लेकाचं तोंड बघायला रात्री पावणेअकराच होतात. तिला म्हटलं, साडेआठला कर. ती हो म्हणाली.

परवा सवयीनं तिनं फोन पावणेअकरालाच लावला. तो काकूंनी उचलला. "झोपलाय तो," म्हणाल्या, आणि मग दोघीच अर्धा तास बोलत बसल्या.