लेझरने कापलेली कार्बन फायबरची कड: ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी वाचावे

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात येणारे बहुतेक ग्राहक आधी लोखंडी पत्रा लेझरवर कापून घेत आलेले असतात. त्यामुळे कार्बन फायबरची शीटही यंत्रावरून उतरली की तशीच बसवता येईल, असे गृहीत धरून ते ड्रॉइंगवर बोल्टच्या भोकांचे अखेरचे माप देतात. त्यांचा आणि आमचा सर्वाधिक वेळ याच एका चुकीपायी जातो.

या शीटमध्ये कार्बनचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे इपॉक्सी रेझिन असते. तंतूंची वाफ होण्यास ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, तर इपॉक्सी ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यानच विघटित होऊ लागते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते; म्हणजे लेझरने तंतू कापला जाईपर्यंत कडेचे रेझिन जळून गेलेले असते. शिवाय तंतू आपल्या लांबीच्या दिशेने उष्णता झपाट्याने वाहून नेतात, म्हणून तंतूंना आडवा छेद गेला की तिथे ताप अधिक आत शिरतो. रेझिन जळालेली कड भिंगाखाली धरल्यास तंतू ब्रशच्या केसांसारखे सुटे दिसतात आणि कापड फिरवले तर काळी पूड लागते. बोल्टचा दाब पेलण्यासाठी तंतूंना रेझिनचा आधार लागतो, आणि भोकाच्या कडेला नेमका तोच उरलेला नसतो. एका ग्राहकाने घाईने तसाच नेलेला ड्रोनचा आर्म काही आठवड्यांत परत आला, तेव्हा भोक लांबट होऊन मोटर हलू लागली होती.

म्हणून आम्ही एका संथ पासमध्ये (लेझरच्या एकाच फेरीत) न कापता वेगवान, हलके पास देतो आणि मध्ये शीट निवू देतो. भोक व्यासात १ मिलिमीटर लहान ठेवून नंतर हिऱ्याचा लेप असलेल्या टूलने मापावर आणतो. यासाठी एक दिवस अधिक लागतो आणि दरही थोडा वाढतो. परंतु जळालेला भाग काढून टाकण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आम्हाला सापडलेला नाही. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी कड ओलावा शोषते, त्यामुळे सांगितल्यास तिच्यावर इपॉक्सीचा पातळ हातही देतो. केवळ दिसण्यापुरत्या, भार नसलेल्या कडांना यातले काहीच लागत नाही आणि त्याचे पैसे आम्ही लावत नाही.

ड्रॉइंगवर भार घेणाऱ्या भोकांना लाल वर्तुळ करावे, वरच्या थरातील तंतूंची दिशा बाणाने दाखवावी आणि शीटची जाडी लिहावी. एवढे असल्यास फोनवर पुन्हा विचारणा न करता त्याच दिवशी दर कळवता येतो.