रुग्णनिरीक्षण व परिचर्यानिर्णय

रुग्णाकडे पाहून, त्याला विचारून, हात लावून आणि मोजून त्याच्या प्रकृतीची माहिती मिळवणे, व तीवरून आत्ता काय करायचे, कोणाला कळवायचे, किती वेळ थांबता येईल हे ठरवणे, अशा परिचारिकेच्या सलग कामासाठी ही संज्ञा वापरतात. डॉक्टरांचे निदान रोगाविषयी असते. परिचारिकेचा निर्णय त्या माणसाच्या पुढच्या तासाविषयी असतो. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, लघवीचे माप या नेहमीच्या बाबी येथे गृहीत धरल्या आहेत.

संकल्पनेचा उगम : चरकसंहितेत (काळ साधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान धरला जातो) चिकित्सेचे चार पाद (वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण) सांगितले असून परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दाक्ष्य, अनुराग व शुचिता हे चार गुण मागितले आहेत. यांतील दाक्ष्याचा संबंध आजच्या निरीक्षणाशी जोडण्याचा मोह होतो. पण तेथील परिचारक वैद्याच्या हाताखाली काम करतो, त्याने स्वतः काही ठरवावे अशी अपेक्षा दिसत नाही. आधुनिक अर्थाने विषयाची मांडणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९-६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या परिचर्याविषयक पुस्तकात सापडते. ‘रात्र बरी गेली का?’ असे विचारू नये, किती तास झोप झाली आणि ती रात्रीच्या कोणत्या वेळी, हे विचारावे, हा तिचा आग्रह आजही पहिल्या वर्षाला शिकवण्याजोगा आहे.

‘परिचर्या प्रक्रिया’ (या कामाची टप्प्याटप्प्याने केलेली मांडणी) या शब्दप्रयोगाचे श्रेय कोणाचे याविषयी एकमत नाही. अमेरिकन परिचारिका लिडिया हॉल यांनी तो १९५५ मध्ये वापरला असे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. आयडा जीन ऑर्लँडो यांचे पुस्तक १९६१ चे, पण त्यामागचा येल विद्यापीठातील अभ्यास १९५० च्या दशकातला. शब्द हॉल यांचा मानला, तरी आशय ऑर्लँडो यांचा मानणे अधिक योग्य वाटते. कारण रुग्णाचे वागणे पाहून परिचारिकेच्या मनात जे येते ते त्याच रुग्णाला विचारून पडताळून घ्यावे, ही कल्पना त्यांनी मध्यवर्ती केली. युरा व वॉल्श यांनी १९६७ मध्ये मूल्यांकन (रुग्णाची माहिती घेणे), नियोजन, कार्यवाही व मूल्यमापन (परिणाम तपासणे) असे चार टप्पे मांडले. परिचर्या-निदान (रुग्णाच्या गरजेविषयी परिचारिकेने काढलेला निष्कर्ष) हा पाचवा टप्पा १९७३ मध्ये सेंट लुइस येथे भरलेल्या अमेरिकन परिषदेनंतर रुळला, जरी ‘परिचर्या-निदान’ हा शब्द १९५० च्या दशकापासूनच चर्चेत होता. आपल्याकडच्या प्रशिक्षणात पाच टप्प्यांचे रूप चालते.

निर्णय कसा होतो याविषयी दोन मांडण्या प्रमुख आहेत. पॅट्रिशिया बेनर (१९८४) यांनी नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या दाखवल्या. क्रिस्टिन टॅनर (२००६) यांनी लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे व मागे वळून पाहणे असा क्रम मांडला, आणि हातातल्या माहितीपेक्षा परिचारिकेने सोबत आणलेला पूर्वानुभव निर्णय अधिक घडवतो, व त्या रुग्णाशी असलेली ओळखही त्यात येते, असे म्हटले. एका नर्सकडे वॉर्डभर रुग्ण असतात तेथे टॅनर यांची मांडणी जास्त उपयोगी पडते. कारण खरी अडचण अर्थ लावण्याच्या आधीची, लक्षात येण्याची असते.

मराठवाड्यातील रुग्णाची भाषा : रुग्णाचे शब्द केसपेपरवर चढताना बदलतात. ‘अंगावरून जायलंय’ या एका वाक्यात पांढरे जाणेही येते आणि रक्तस्रावही. रंग, दिवस आणि दिवसाला किती कापडे भिजतात हे विचारल्याशिवाय ते लिहू नये. ‘कसकस’ म्हणजे मोजलेला ताप नव्हे. ‘जीव घाबरा व्हायलाय’ हे भीती म्हणून सोडून देण्याआधी नाडी व श्वास मोजावेत. अनेक घरांत, विशेषतः रात्री, ‘साप चावला’ असे न म्हणता ‘पान लागलं’ म्हणतात. बाहेरून आलेल्या नव्या नर्सला हा शब्द पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायला हवा.

मण्यारचा दंश : निर्णयाचे स्वरूप येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. शेतातल्या आखाड्यावर (खोपीत) जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली चाळिशीची बाई पहाटे पोट दुखते म्हणून येते. एक उलटी झालेली. दंशाची खूण नाही, सूज नाही, ताप नाही, बीपी ठीक. कागदावर ‘पोटदुखी’ लिहिले जाते. जाणती सिस्टर तिला वर बघायला सांगते. पापण्या अर्ध्यावरच थांबतात. मग ती एका श्वासात आकडे मोजायला लावते आणि बाई पंचवीसपर्यंत जाते. अर्ध्या तासाने तीच बाई अकरावर अडकते, थुंकी गिळता येत नाही, उशीवरून मान उचलत नाही. ऑक्सिजनचा आकडा या वेळीही चांगला असू शकतो, कारण तो सर्वांत शेवटी घसरतो. मण्यारचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करते. एकदा बसलेला लकवा प्रतिसर्पविषाने लगेच उतरत नाही, म्हणून श्वासाला आधार देण्याची तयारी आधी हवी. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कोणत्या कपाटात आहे हे माहीत असणे हा त्या निर्णयाचाच भाग होय.

घोणस व फुरसे यांचे विष रक्ताची गोठण बिघडवते. त्यासाठीची २० मिनिटांची चाचणी बहुधा नर्सच्याच हातून होते. सुमारे २ मिलि ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिले तर ते गोठत नाही असे समजायचे. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर निकालावर विसंबता येत नाही. मधेच उचलून पाहण्याची सवय तर फारच नडते.

मोजमापे : प्रौढाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो पूर्ण मिनिट मोजावा. नाडी धरल्यासारखे करून मोजला तर रुग्ण नकळत श्वास बदलत नाही. चार्टवर सगळ्या कॉटपुढे २० लिहिलेले दिसते, तेव्हा बिघाडाची सर्वांत लवकर मिळणारी खूण हातची गेलेली असते. मुलांत जलद श्वासाची मर्यादा २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० मानतात. सावळ्या त्वचेवर फिकेपणा व निळेपणा चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. खालची पापणी, जीभ, ओठाची आतली बाजू व तळहात पाहावेत. ऊसतोडीवरून परतलेल्या बायकांमध्ये हे विसरून चालत नाही. गडद त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२० मधील एका अमेरिकन अभ्यासाने पुन्हा पुढे आणले. गडद नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असलेले बोट टाळतात.

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेली व २०१७ मध्ये सुधारलेली इशारा-गुणपद्धती अशा मोजमापांना गुण देते. ती उपयुक्त आहे, पण वरील बाईचे गुण पहिल्या तासात जवळपास शून्यच आले असते.

संस्था : १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (लोकांच्या बोलण्यातली ‘घाटी’) १९५६ चे. अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथील महाविद्यालये त्यानंतरची. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा असून त्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये झाला.

नोंद व ओव्हर : पाळी बदलताना निरीक्षण दुसऱ्या हाती जाते, त्याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. ‘पेशंट कम्फर्टेबल’ या शब्दांतून पुढच्या सिस्टरच्या हाती काही लागत नाही. सुमारे ५० किलो वजनाच्या माणसाला तासाला २५ मिलि तरी लघवी व्हायला हवी, हे धरून लिहिलेली ओळ अशी असते : ‘रात्री २ वाजता श्वास २४, काल १८ होता, दोन उशांशिवाय झोपत नाही, ११ पासून पिशवीत ४० मिलि, डॉक्टरांना २:१० ला फोनवर कळवले.’