'एएमसी बॉक्स' म्हणजे नक्की कुठला?

जुन्या ब्रिटिश नॉर्टन मोटरसायकलसाठी गिअरबॉक्स शोधायला निघालं की विकणारा हमखास म्हणतो, "एएमसीचा आहे, सगळं बसतं". हे अर्धंच खरं, आणि घोळ नावापासूनच आहे. एएमसी म्हणजे असोसिएटेड मोटर सायकल्स, पुढे नॉर्टन घेणारी ब्रिटिश कंपनी.

आधी नॉर्टनला स्टर्मी-आर्चर कंपनीचा बॉक्स असायचा. त्यांनी १९३०च्या दशकात मोटरसायकलचे बॉक्स बंद केले तेव्हा नॉर्टनने डिझाइन आपल्याकडे घेतलं आणि बनवून घेतलं बर्मन या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीकडून. पुढे अपराइट (उभा) बॉक्स आला, मग १९५०च्या आसपास लेडाउन (आडवा), ज्यात गिअर बदलायची यंत्रणा वरून काढून पुढे आडवी टाकली.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एएमसीने नॉर्टन घेतली. तोवर त्यांच्या एजेएस-मॅचलेस गाड्यांना बर्मनचे बॉक्स होते, शेवटचा बी-५२. १९५६-५७ला सगळ्या मोठ्या गाड्यांना एकच बॉक्स आला, तोच हा 'एएमसी'. पण आतली मांडणी बरीचशी नॉर्टनचीच, नवीन होती ती बॉडी, क्लच आणि क्लच दाबायची यंत्रणा. म्हणजे माल नॉर्टनचा आणि नाव मालकाचं, मला तर हे आजही पटत नाही. त्यात एएमसीच्याच २५० सीसी गाड्यांना जो गोल नळकांड्यासारखा बॉक्स आहे त्यालाही लोक एएमसीच म्हणतात, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, तो घेऊन फसू नका. (आपल्या जुन्या बुलेटचा अल्बियन कंपनीचा बॉक्स तर अजूनच वेगळा.)

१९६६ला एएमसी बुडाली, बॉक्स मात्र नॉर्टनच्या कमांडो मॉडेलमध्ये १९७७पर्यंत चालला. मूळ डिझाइन ३०च्या दशकातलं आणि पुढे ८५० सीसीचं इंजिन, त्यामुळे लेशाफ्टच्या (बॉक्समधला दुसरा, समांतर दांडा) बेअरिंगचा पिंजरा तुटायचा, म्हणून आता तिथे रोलर बेअरिंग टाकतात. कमांडोत इंजिन, फ्रेम आणि गिअरबॉक्सवर एकच नंबर असतो, बॉक्सचा वेगळा निघाला तर तो दुसऱ्या गाडीचा. त्याने गाडी बिघडत नाही, भाव उतरतो.

वेगवेगळ्या बॉक्सचे भाग मिसळताना बॉडीवर विसंबू नका, दाते मोजा. कमांडोच्या पहिल्या गिअरचा रेशो २.५६ येतो तो चाकांच्या दोन जोड्यांच्या दात्यांवरून, २३/१८ गुणिले २८/१४ असा, त्यामुळे जोडीतलं एकच चाक दुसऱ्या बॉक्समधून उचललं तर रेशो तरी बिघडतो नाहीतर दाते नीट बसतच नाहीत. चाकं बदलायची तर जोडीनेच, आणि लेडाउनची बॉडी एएमसीच्या जागी लावायला जाऊ नका.