घामाची चाचणी चुकते कुठे?

सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांत आणि पचनसंस्थेत चिकट स्राव साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं निदान आजही बऱ्याच अंशी घामातल्या मिठावर ठरतं. १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. तेव्हा उन्हाने कोलमडून रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी जास्त होती. तो धागा धरून डॉ. पॉल दि सांताग्नेसे यांनी १९५३मध्ये दाखवून दिलं, की या मुलांच्या घामात मीठ फार असतं. कारण पुढे कळलं. घाम नलिकेतून वर येताना त्यातलं क्लोराइड सीएफटीआर नावाचं प्रथिन परत शोषून घेतं. ते बिघडलेलं असेल तर मीठ घामातच राहतं.

१९५९मध्ये गिब्सन आणि कुक यांनी दिलेली पद्धतच थोड्याफार फरकाने आजही चालते. पायलोकार्पिन हे औषध विजेच्या सौम्य प्रवाहाने पाच मिनिटं हाताच्या त्वचेत उतरवायचं आणि तिथे सुटणारा घाम अर्धा तास गोळा करायचा. क्लोराइड लिटरला ६० मिलीमोल किंवा जास्त आलं तर आजाराची शक्यता दाट, ३०च्या खाली आलं तर कमी.

क्लोराइड मोजणारं यंत्र सहसा दगा देत नाही. घोटाळा होतो त्याआधी, हातावर. घाम असतो तरी किती? गॉझ किंवा गाळण-कागदावर किमान ७५ मिलिग्रॅम, बारीक नळीच्या वेटोळ्यात १५ मायक्रोलिटर. एवढ्याशा घामातलं थोडं पाणी जरी उडून गेलं तरी मीठ दाट होतं आणि निरोगी बाळाचा आकडा फुगतो. म्हणून गॉझ हवाबंद झाकायचा, हाताऐवजी चिमट्याने उचलायचा, वजन झटपट करायचं.

घाम कमी पडला की दोन्ही हातांचे नमुने एकत्र करून भरती करायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. घाम संथ वाहिला की नलिकेला क्लोराइड शोषायला जास्त वेळ मिळतो आणि आकडा खाली येऊ शकतो. दोन संथ नमुने मिसळून वजन भरतं, वेग मात्र वाढत नाही. दोन्ही हातांचे नमुने वेगळे तपासले, तर एकाची चूक दुसऱ्यावरून पकडता येते, हा फायदा वेगळाच.

तान्ह्या बाळांत नमुना अपुरा पडणं नेहमीचंच, त्यामुळे बाळाचं वजन दोन किलोच्या वर जाईपर्यंत थांबणं बरं. अपुऱ्या नमुन्यांचं प्रमाण तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांत १० टक्क्यांच्या आणि त्याहून मोठ्या वयाच्यांत ५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. माझ्या मते प्रयोगशाळेची पारख करायला हाच आकडा आधी विचारावा.

आकडा १६०च्या वर गेला, तर आधी चाचणीवरच शंका घ्यायची, कारण घाम शरीरात इतका खारट होत नाही. अंगावर सूज असेल तर उलट आकडा फसवा कमी येतो. ३० ते ५९मध्ये अडकलेल्यांची चाचणी पुन्हा करतात आणि जोडीला जनुक तपासतात.