रंग सोडा, रेघा बघा

भात पोटरीला आलं की गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे रात्री ट्यूबलाइटभोवती नखाएवढ्या तपकिरी पाकोळ्या घिरट्या घालायला लागतात, आणि कोणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला की लगेच उत्तर, 'खोडकिडा आहे, फवारा!' अहो थांबा जरा. तपकिरी रंगावरून काहीच कळत नाही, शेकडो जाती तशाच दिसतात.

पुढचा पंख बघा. दोन काळपट नागमोडी रेघा पंख पूर्ण ओलांडून जातात, त्यांच्यामध्ये तिसरी एक आखूड रेघ वरच्या कडेपासून निघून अर्ध्यातच संपते, शिवाय बाहेरच्या कडेला गडद पट्टा. हे सगळं जुळलं तर तो भाताची पानं गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग, नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस. नराच्या वरच्या कडेवर काळा झुबकाही असतो. पिवळ्या खोडकिड्याची मादी पिवळसर, प्रत्येक पुढच्या पंखावर एकच ठसठशीत काळा ठिपका, म्हणजे दोघांत गोंधळ व्हायचं कारणच नाही.

पण रेघ नेमकी तिथेच का येते? बोटाला लागते ती पूड म्हणजे पंखावरचे खवले, घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. एक खवला म्हणजे एकाच पेशीची वाढ, आणि साधारणपणे एका खवल्याला एकच रंग. कोशात असताना पंखातल्या पेशी प्रथिनांच्या इशाऱ्यांवरून आपण कुठे आहोत हे ओळखतात, त्यानुसार कुठला खवला गडद व्हायचा ते ठरतं, रंग मात्र शेवटी शेवटी भरतो. 2017 साली फुलपाखरांत असा इशारा देणारं प्रथिन बनवणारा वंट-ए नावाचा जनुक क्रिस्परने, म्हणजे जनुकात नेमका बदल करायच्या तंत्राने, बंद केला तर काही पट्टे सरकले, काही गायबच झाले. म्हणून रेघांच्या जागा जातीत बऱ्यापैकी ठरलेल्या असतात, छटा मात्र बदलते, आणि म्हाताऱ्या पतंगाचे खवले झडले की ओळखायला काही उरतच नाही.

(ती पूड डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो म्हणतात, त्यात तथ्य नाही. चुरचुरलं तर पाण्याने धुवा.)

मोबाइलमधलं ॲप अंधुक फोटोवरूनही छातीठोकपणे नाव सांगतं, त्यावर फार जाऊ नका. याच वंशातल्या, भातावरच्याच जवळच्या जाती रेघांच्या लांबीत थोड्याशाच वेगळ्या असतात, तिथे तज्ज्ञसुद्धा पतंगाचं पोट उघडून जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शेतकऱ्याला एवढ्या खोलात जायची गरज नाही, पतंग पान खातच नाही, खाते ती अळी. गुंडाळलेलं पान उलगडा, आत हिरवी अळी आणि खरवडलेले पांढरे पट्टे दिसले तरच पुढचा विचार, आणि युरिया जास्त पडलाय का तेही बघा, कारण जास्त नत्र मिळालेल्या भातावर ही अळी जोरात वाढते.