‘९३ टक्के संवाद शब्दांपलीकडचा’ : खुलासा

‘समोरासमोर बसल्याशिवाय ज्ञान पोचत नाही, कारण ९३ टक्के संवाद शब्दांपलीकडचा असतो’ असं दूरवरून काम करणाऱ्या टीमना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हा त्या आकड्याचा चुकीचा अर्थ आहे. तो आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याच्या भावना ओळखायला सांगितल्या होत्या. माहिती किती पोचली, हे मोजलंच नव्हतं. निष्कर्ष भावनांपुरताच आहे, हे त्यांनी स्वतःही सांगितलंय.

रात्री दोनला सर्व्हर बंद पडला, तर सहकाऱ्याचे हातवारे काय कामाचे? ‘आधी लॉग (सर्व्हरने केलेल्या नोंदी) जपून ठेवा, मग रीस्टार्ट करा, कारण नंतर ते पुसले जातात’ ही लिहून ठेवलेली ओळच उपयोगी पडते. त्यातलं ‘कारण’ तर फारच मोलाचं, आणि नेमकं तेच लिहायचं राहून जातं. नाराजी कळवायची असेल, तेव्हा मात्र सरळ फोन करावा.