झिलाचं अल्कफॉस

मे महिन्यात एक आई तेरा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट घेऊन आमच्या कुडाळच्या लॅबमध्ये परत आली. अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे आमच्या लॅबच्या भाषेत अल्कफॉस, 340, शेजारी वर टोक केलेला ठळक बाण. ‘ओ, झिलाचा लिवर खराब झाला काय?’ मी झिलाकडे पाहिलं. पँट घोट्यांच्या चार बोटं वर गेलेली.

रेणूला चिकटलेला फॉस्फेट तोडणारं हे एन्झाइम. रॉबर्ट रॉबिसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1923 साली त्याचा संबंध हाड घडण्याशी जोडला. नवं हाड रचणाऱ्या पेशी ते भरपूर बनवतात. मोठ्या माणसात साधारण 40 ते 130 युनिट सापडतात. उंची झपाट्याने वाढताना त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही आकडा चढतो, तो वारेमुळे.

यकृताचा भाग वेगळा. खड्याने पित्ताची वाट अडली की यकृत हे एन्झाइम जास्त बनवतं आणि ते रक्तात उतरतं. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणाऱ्या काविळीत मात्र बहुधा एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात येणारं एन्झाइम, हजारांत जातं आणि अल्कफॉस थोडंच हलतं. कावीळ म्हटली की झाडपाल्याकडे धावणाऱ्यांनी निदान एवढा फरक तरी तपासून घ्यावा.

मग वाढ हाडाची की यकृताची? जीजीटी या यकृताच्या दुसऱ्या एन्झाइमची तपासणी करायची, ते हाडातून येत नाही. पूर्वी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, 56 अंशांवर दहा मिनिटं तापवत. हाडाचं एन्झाइम बरंचसं मरायचं, यकृताचं बऱ्यापैकी तगायचं.

मशीनमध्ये सीरम एका रंगहीन द्रावणात पडतं. एन्झाइम फॉस्फेट तोडत जातं तसं द्रावण हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं. पिवळेपणा किती वेगाने चढतो, ते मोजायचं. एकदा आमच्या नवख्या पोराने जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त यासाठी वापरलं. अल्कफॉस जवळपास शून्य, पोटॅशियम मात्र असं की माणूस जिवंत कसा! त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेलं ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं, आणि एन्झाइमला लागणारं झिंक, मॅग्नेशियम तेच पकडून ठेवतं.

झिलाचं जीजीटी नॉर्मल होतं, कॅल्शियमही. कॉम्प्युटरवर त्याचं वय टाकायला आम्हीच विसरलो होतो, म्हणून मोठ्यांची मर्यादा छापली गेली. 13 टाकून रिपोर्ट पुन्हा काढला. बाण गेला.